चुना विरघळविण्याचें घरगुती यंत्र

विहिरीचें पाणी तापविण्याच्या भांड्यांत पांढरें किटण धरतें आणि ठिबकच्या तोट्या चुन्यानें बुजतात, हें आमच्या कृषिबंधूंस सांगावयास नको. परंतु हाच चुना मुद्दाम विरघळवून, मोजून-मापून ज्यास पाजावा लागतो असेंहि एक जिवंत पीक आहे. तें म्हणजे समुद्रांतील पोवळीं. गेल्या वर्षीं आम्ही जर्मनींत ड्युसेलडॉर्फ येथें चिरंजीवांकडे चार महिने राहिलों. तेथें त्यांनीं ४०० लिटरच्या कांचेच्या टांकींत खारें पाणी भरून पोवळीं वाढविलीं आहेत. त्यांच्यासाठीं आम्हां उभयतांनीं जें यंत्र घरीं तयार केलें, त्याची रचना, त्याचा हिशेब आणि आमच्या हातून झालेली चूक वाचकांपुढें ठेवीत आहों.

तत्त्व. चुनखडी साध्या पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं. पण पाण्यांत कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सोडावॉटरच्या बाटलींतला वायु, मिसळला कीं तें किंचित् आंबट होतें आणि चुनखडी हळूहळू त्यांत उतरते. पावसाचें पाणी जमिनींत मुरतांना मुळांनीं सोडलेला हाच वायु घेतें, म्हणून विहिरीच्या पाण्यांत चुना येतो. पुढें तें पाणी तापलें किंवा उघड्या हवेंत आलें कीं वायु निघून जातो व चुना पुन्हा दगड होऊन बसतो. समुद्राच्या पाण्यांत लिटरमागें सुमारें ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें, सामू ८.१ ते ८.२ असतो आणि अल्कता जर्मन मापानें ७ अंशांच्या आसपास असते. पोवळें आपलें घर याच साठ्यांतून बांधतें. समुद्रांत साठा अफाट आहे. टांकींत तो रोज घटतो. ती तूट भरून काढणारें यंत्र विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ड्युसेलडॉर्फच्याच लोबेके संग्रहालयाच्या मत्स्यालयांतील रोल्फ हेब्बिंगहाउस यांनीं प्रचारांत आणलें.

रचना. (१) चार इंच व्यासाचें, दीड फूट उंचीचें पीव्हीसीचें नळकांडें घ्यावें. खालचें तोंड सोल्यूशननें कायमचें बंद करावें. वर आट्यांचें झाकण व रबरी चकती बसवावी. सांधे एक दिवस वाळूं द्यावे आणि मग पाणी भरून आणखी एक दिवस गळती पाहावी. (२) आंत मृत पोवळ्याची, वाटाण्याएवढी, बाजारांत मिळणारी भरड धुऊन तीन-चतुर्थांश भरावी. (३) बाजूस लहान पंप जोडावा. तो वरचें पाणी ओढून खालून पुन्हा आंत ढकलतो, त्यामुळें पाणी भरडींतून सतत फिरत राहतें. (४) वायूच्या नळकांड्यास रेग्युलेटर, बारीक झडप, बुडबुडे मोजण्याची लहान बाटली आणि पाणी उलटें न येऊं देणारी एकमार्गी झडप लावून ती नळी पंपाच्या ओढीच्या बाजूस द्यावी. (५) टांकींतून एक बारीक नळी यंत्रांत यावी व दुसरी थेंबाथेंबानें टांकींत परत जावी. परतीच्या वाटेवर भरडीचें दुसरें लहान भांडें ठेवल्यास उरलासुरला वायु तेथें खर्ची पडतो.

खाऱ्या पाण्यास पितळ किंवा तांबें कोठेंहि लागूं देऊं नये. तांबें पोवळ्यास विष आहे. वायूचें नळकांडें उभें बांधून हवेशीर जागीं ठेवावें. जुन्या विहिरींत उतरण्यापूर्वीं आपण कंदील सोडून पाहतों, तो ज्या जड वायूच्या भयानें, तोच हा वायु होय.

यंत्रांतील पाण्याचा सामू ६.५ ते ६.७ ठेवावा. त्याहून वर चुना पुरेसा विरघळत नाहीं. फार खालीं गेल्यास भरडीचा चिखल होऊन पंप अडतो.

हिशेब. प्रथम टांकीचा खर्च काढावा. यंत्र जोडण्यापूर्वीं आम्हीं दोन दिवस एकाच वेळीं अल्कता मोजली. ती रोज १ अंश उतरत होती. ४०० लिटरचा एक अंश म्हणजे सुमारें ७ ग्रॅम चुनखडी. यंत्रांतून बाहेर येणारें पाणी २७ अंशांचें व टांकींतलें ७ अंशांचें, म्हणजे लिटरमागें २० अंश जमा. ४०० भागिले २० केले असतां रोज २० लिटर, अर्थात् मिनिटास सुमारें १४ मिलिलिटर पाणी सोडावयाचें. वायूचे बुडबुडे मिनिटास पंधरा पडत होते. याप्रमाणें झडपा लावून आम्हीं वही घातली.

चूक. आठव्या दिवशीं चिरंजीव व सूनबाई परगांवीं गेलीं. आम्हीं वही पाहिली. आठहि दिवस अल्कता ७ च्या ७! यंत्र कांहींच करीत नाहीं असें समजून आम्हीं बुडबुडे व पाणी दोन्ही दुप्पट केलीं, आणि तीं चौघे दिवस परत येईपर्यंत वहींत कांहीं लिहिलें नाहीं. वस्तुतः अल्कता ७ वर टिकून राहणें हेंच यंत्राचें यश होतें. जमा व खर्च बरोबर मिळत होते. दुप्पट केल्यावर रोज २ अंश जमा, १ अंश खर्च. चार दिवसांत ७ चे ११ झाले. टांकीचा सामूहि उतरला. फांदीदार पोवळ्यांचीं टोंकें पांढरीं पडलीं व दोन पोवळीं मेलीं. त्यांतलें एक सूनबाईंनीं सहा वर्षांपूर्वीं बोटाएवढा तुकडा लावून वाढविलें होतें. त्या आम्हांस कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं वहींत त्या दिवसाचा आंकडा तेवढा लिहिला. महसूल खात्याच्या दप्तरांत जन्म काढून शिल्लक स्थिर राहण्याचा अर्थ आम्हांस कळूं नये, याची लाज वाटली.

नंतर आम्हीं यंत्र थांबविलें. चार दिवसांत अल्कता आपोआप ७ वर आली, तेव्हां झडपा पूर्वींच्या खुणेवर आणल्या. पुढें जो फरक करावयाचा तो थोडा करावा व दोन दिवस मोजून मगच दुसरा करावा, असा नियम ठरला.

हें यंत्र आपल्याकडे करण्याचें प्रयोजन नाहीं. भारतांत कठीण पोवळ्यांस वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खालीं २००१ पासून संरक्षण आहे. मालवणच्या समुद्रांतलें पोवळेंहि कोणी उचलूं नये. पण पाण्याचा अहवाल हातीं आल्यावर सामू व अल्कता यांचे आंकडे वाचावे, आणि ठिबकला आम्ल द्यावयाचें किंवा पिकाची मात्रा वाढवावयाची झाल्यास आधीं वही उघडावी. जें स्थिर आहे तें निकामी आहे असें समजून हात घालूं नये, इतकेंच सांगावयाचें होतें.