गाडीतला वायरलेस मुका झाला तर

वनखात्याची किंवा पोलिसांची गाडी गावावरून जाते, तेव्हा तिच्या टपावर एक बारीक काठी हलताना तुम्ही पाहिली असेल. ती काठी म्हणजे एरियल. आत चालकाजवळ एक डबा असतो. तोच वायरलेसचा संच. दोन गाड्यांमध्ये तार नसते, तरी इकडचे बोलणे तिकडे पोचते. संच बोलण्याच्या विजेच्या लहरी करतो आणि एरियल त्या चहूकडे सोडते.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात ज्ञानगंगा अभयारण्य आहे. ते सुमारे २०५ चौरस किलोमीटर आहे. खामगाव-बुलढाणा रस्ता त्याच जंगलातून जातो. २०१९ साली यवतमाळकडच्या टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ सुमारे १३०० किलोमीटर चालून इथे आला. त्याच्या गळ्यातल्या पट्ट्यातही रेडिओच होता, म्हणून त्याची वाट कळली. उन्हाळ्यात या जंगलात पाचोळा वाळतो. वणवा लागला आणि दरीत मोबाइलही लागेना, तर मदत बोलवायची कशी? अशा वेळी डबा मुका होऊन चालत नाही.

“काऊन बा, हा काऊन बोलत नाही?” असे म्हणून चालकभाऊ डब्यावर दोन थापा मारतात. थापेने सैल तार घटकाभर चिकटते, एवढेच. त्यापेक्षा आधी नीट पाहा. डबा अगदी मुका आहे, की ऐकू येते पण आपले बोलणे जात नाही? या एका प्रश्नाने अर्धे काम होते.

डब्यावरचा दिवाच लागत नसेल तर वीज पोचत नाही. फ्यूज पाहा. फ्यूजमध्ये एक पातळ तार असते. वीज जास्त झाली की ती आधी वितळते आणि डबा वाचतो. नवा फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा घाला. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवणारे आहेत, पण मग फ्यूजऐवजी डबा जळतो. कधी गाडीही पेटते.

दिवा लागतो, ऐकूही येते, पण बोलायचे बटण दाबले की दिवा मंद होतो. मग बहुतेक बॅटरीकडे दोष आहे. २५ वॅटचा संच ऐकताना एक अँपिअरपेक्षा कमी वीज घेतो. बोलताना पाच-सहा अँपिअर लागतात. पाटाला पाणी बारीक असले तर तांब्या भरतो, पण वाफा भिजत नाही. तसेच हे. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुकटी साचली का, पाहा. इंजिन बंद करा. आधी ऋण टोकाची तार सोडा, मग दुसरी. टोके घासून घट्ट बसवा. जवळ विडी पेटवू नका, बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो.

दिवा ठीक आहे, तरी बोलणे जात नाही? माइकची वेटोळी तार जोडाजवळ तुटते. ती हलवून पाहा. माइक सीटखाली सरकून बटण दाबलेले राहिले, तर आणखी घोटाळा होतो. आपला संच सारखा बोलत राहतो आणि त्या चॅनेलवर इतर कुणाला नीट बोलता येत नाही. चॅनेलचे बटणही गुडघ्याने फिरते, हे विसरू नका.

मग टपावर चढा. बाभळीच्या फांदीने एरियल वाकली का? तिचा आटा सैल झाला का? केबल दारात चेंगरली का? पावसाळ्यात केबलमध्ये पाणी शिरते. एरियल तुटली म्हणून कुठलीही तार बांधू नका. तिची लांबी लहरीच्या मापाने ठरलेली असते. १५० मेगाहर्ट्झच्या संचाला साधारण अर्धा मीटर. एरियल नसताना बोलायचे बटण मुळीच दाबू नका. बाहेर जायची शक्ती उलट फिरते आणि संचाला इजा होते.

कधी डब्यात काहीच बिघाड नसतो. राजूर घाटासारख्या वळणात डोंगर आड येतो. या लहरी उजेडासारख्या बहुतेक सरळ जातात. गाडी उंचावर न्या आणि पुन्हा बोलून पाहा. जवळच्या दुसऱ्या गाडीलाही विचारा. तिचाही आवाज पोचत नसेल तर दोष उंचावरच्या यंत्राकडे असेल. ते यंत्र बोलणे झेलून पुढे पाठवते.

एवढे पाहूनही डबा बोलेना, तर झाकण उघडू नका. ते काम जाणत्या कारागिराचे. संचाला सरकारी परवाना असतो, त्याची मापे आपण बदलायची नसतात. मात्र डब्याला एक चिठ्ठी लावा. आता तुम्हाला लिहिता येते. चिठ्ठी अशी लिहा:

“सोमवार सकाळपासून बंद. दिवा लागतो. ऐकू येते. बोलणे जात नाही. बॅटरीची टोके साफ केली. एरियल पाहिली, घट्ट आहे. माइकची तार हलवली की मधूनच चालते.”