घरचे शिक्षण आणि शाळेचा दाखला

ज्या गृहस्थाने आमच्या कुटुंबाला गृहशिक्षणाच्या मार्गाला लावले, त्याला मी पहिल्याच भेटीत एक साधा प्रश्न विचारला होता: तुमच्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र महाराष्ट्रात कोण ग्राह्य धरते? त्यावर, "सिस्टर, तुमचा विश्वास कागदावर आहे की प्रभूवर?" असे त्याने उपासनेनंतर थांबलेल्या साऱ्या मंडळीसमोर मला विचारले, आणि ज्या समाजाच्या प्रार्थनेच्या आधाराने आपण घरातली आजारपणे व मरणे निभावली, त्याच्यासमोर अल्पविश्वासी ठरण्याच्या संकोचाने माझे तोंड बंद झाले. मी प्रश्न विचारला होता, एवढे मला येथे नोंदवून ठेवावयाचे आहे. कारण पुढे सगळे बिनसले तेव्हा "त्यांनी आधी चौकशी करावयास हवी होती," असे हाच गृहस्थ घरोघर सांगत फिरला.

मुलांना घरी शिकविण्याचा आमचा विचार अविचार नव्हता, आणि आजही मी तो तसा मानीत नाही. देवाच्या आज्ञा लेकरांच्या मनावर ठसविण्याचे काम अनुवादाच्या सहाव्या अध्यायात आईबापांवरच सोपविलेले आहे. तीमथ्याचा विश्वास पौलाला आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी दिसला होता. मराठी ख्रिस्ती माणसाला तर पंडिता रमाबाईंचे उदाहरण घरचेच आहे, कारण त्यांना संस्कृत शिकविले ते त्यांच्या आईने, लक्ष्मीबाई डोंगरे यांनी, तीर्थयात्रेच्या भटकंतीत, कोणत्याही शाळेच्या आधारावाचून. मात्र त्याच रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, म्हणजे घरी शिकलेल्या त्या विदुषीने इतर मुलींसाठी शाळाच उभारली, हा उत्तरार्ध त्या गृहस्थाच्या व्याख्यानांत कधी येत नसे.

पुस्तके आली ती इंग्रजी, परदेशी, गुळगुळीत कागदाची. गणितात डॉलर आणि औंस, भूगोलात अमेरिकेची संस्थाने, आणि मराठीचा मागमूस नाही. मला याचे विशेष दुःख झाले, कारण आम्ही वर्ध्याचे. याच गावी १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, सात वर्षांचे मोफत शिक्षण मातृभाषेतून आणि हस्तव्यवसायाच्या द्वारे द्यावे असे तेथे ठरले, झाकीर हुसेन समितीने त्याचा आराखडा केला, आणि पुढे सेवाग्रामात तो आराखडा राबविणाऱ्या तालिमी संघाचे काम ज्या आर्यनायकमांनी चालविले ते सिलोनचे एक ख्रिस्ती गृहस्थ होते. आपल्या दाराशी असलेला हा वारसा सांगितला, तेव्हा "ते सगळे जगिक आहे," एवढ्या तीन-चार शब्दांत त्याची वासलात लावण्यात आली. मी मराठी स्वतःच शिकविली, आणि मुलांच्या हाती आज जी काही भाषा आहे ती त्यामुळेच आहे.

मुलगी पंधराव्या वर्षात आली तेव्हा तिला दहावीला बाहेरून बसवावे म्हणून १७ नंबर फॉर्मची चौकशी करावयास मी गेले. खिडकीतल्या लिपिकाने आमचे सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिले, शिक्का कोठे आहे ते शोधले, आणि अतिशय सौम्यपणे म्हटले, "ताई, हे राहू द्या. पाचवी पास झाल्याचे काय आहे? शाळा सोडल्याचा मूळ दाखला कोठे आहे?" मुलीचे नाव शाळेच्या पटावरून खारीज झाले ते चौथीनंतर, आणि मूळ दाखला तर त्या गृहस्थाने "फाइलला लावावयास" म्हणून नेलेला. त्या क्षणी माझ्या ध्यानात आले की इतकी वर्षे ज्या प्रश्नाचे उत्तर मला श्रद्धेच्या नावाने नाकारण्यात आले, त्याचे उत्तर त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. ठाऊक नसते तर तो रागावला नसता, त्याने चौकशी केली असती. मी घरी येऊन दाखला मागितला. आधी उरलेल्या फीचा हिशेब आला, मग "आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करीत आहोत" असा निरोप आला, आणि त्यानंतर फोन उचलणे बंद झाले.

आता ज्यांच्या मनात मुलांना घरी शिकविण्याचा विचार घोळत आहे त्यांच्यासाठी. मूळ दाखला कोणाच्याही हाती देऊ नका. साक्षांकित प्रत द्या. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख, धर्म व जात हीच पुढे प्रत्येक कचेरीत विचारतात. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्या आपल्या कुटुंबांना महाराष्ट्रात इतर मागास वर्गात धरतात, पण तो जातीचा दाखला काढताना पहिली मागणी याच कागदाची होते. शक्य तर निदान पाचवी शाळेतूनच पुरी होऊ द्या. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे दहावे कलम मुलाला शाळेत घालण्याचे कर्तव्य आईबापांवर टाकते, न घातल्यास शिक्षा मात्र सांगत नाही. तेव्हा शाळाबाह्य मुलांच्या पाहणीसाठी शिक्षक दारी आले तर मुलांना लपवू नका, काय शिकविता ते वह्यांसह दाखवा. त्याच कायद्याच्या चौथ्या कलमाने चौदा वर्षांच्या आतील मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. आमचा धाकटा याच आधारे शाळेत परतला, आणि मुख्याध्यापकांनी कुरकुर केली तेव्हा ते कलम मी त्यांना वाचून दाखविले. मुलगी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीला बसली. तेथे चौदा वर्षे पूर्ण लागतात, आणि मराठी माध्यमही आहे.

नियमितपणा ठेवा, मुलांना समवयस्कांत मिसळू द्या, हे सगळेच सांगतात आणि ते खरेही आहे. मुलांनाही विचारा. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत आपल्या मुलांना शाळेत न घालता स्वतः शिकविले, आणि रीतसर शिक्षण हुकल्याचे शल्य थोरल्या हरिलालच्या मनातून गेले नाही. बापाची निष्ठा कितीही मोठी असली तरी वर्षे मुलाची जातात.

आणि जो माणूस मान्यतेच्या प्रश्नाला शास्त्रवचनाने उत्तर देतो त्याच्या हाती पैसा देऊ नये, मूल तर नाहीच नाही. बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारीत होता, असे लूक सांगतो. आपल्या मंडळीत मात्र प्रश्न विचारणारी आई अविश्वासी ठरते, आणि त्या दिवशी तेथे बसलेल्यांपैकी कोणीही माझ्या बाजूने एक शब्द बोलले नाही, हेही मी विसरलेली नाही. उत्तर लेखी मागा, पैशाची पावती घ्या, पावतीवर तारीख पाहा. आम्ही प्रतिज्ञापत्र करून शाळेकडून दुय्यम दाखला मिळविला आणि त्यावर मुलीचे काम निभावले; मूळ दाखला त्या गृहस्थाने आजतागायत परत केलेला नाही, आणि तो मागण्याचे मी सोडलेले नाही.