तहान कुणाला, पाणी कुणाला

संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढतो, पण थंडी काही लगेच जात नाही. आपल्या पुण्यात माघात दुपारी चटका बसतो आणि पहाटे शाल सोडवत नाही. या दिवसांत बहुतेक घरी एकच होतं: ऊन जाणवायला लागलं म्हणून सगळ्या बागेला सारखं पाणी सुरू. तू तसं करू नकोस. होळीपर्यंत काही झाडांना तहान लागू द्यायची असते, काहींना अजिबात नाही. कुणाला काय, हे कळलं की निम्मी बाग तुझ्या हाताशी आली.

आधी मोगरा. संक्रांत झाली की त्याचं पाणी तोड. जमिनीतलं झाड असेल तर पंधरा दिवस, काळ्या मातीत थोडे जास्त, कारण ती ओल धरून ठेवते. कुंडीतल्याला इतका ताण सोसत नाही. पानं मलूल झाली की थोडं पाणी द्यावं. पानं पिवळी पडून गळायला लागली म्हणजे ताण बसला, घाबरायचं नाही. मग धारदार कात्रीने फांद्या साधारण अर्ध्यावर छाट, डोळ्याच्या जरा वर, तिरक्या कापाने. बुंध्याभोवतीची माती खुरप्याने हलक्या हाताने उकर, एक-दोन दिवस तिला ऊन खाऊ दे, मग ओंजळभर कुजलेलं शेणखत घाल आणि पोटभर पाणी दे. मोगऱ्याची कळी नव्या फुटीवर येते. जुन्या काड्या जपत बसलीस तर चैत्रात नुसती पानंच दिसतील.

आंब्याला मोहर आला असेल तर त्यालाही पाणी नको. मोहराच्या वेळी मुळाशी ओल झाली की झाड पालवी काढायला धावतं आणि मोहर मागे पडतो. कैरी वाटाण्याएवढी दिसली की पाणी सुरू कर. मोहराचा सडा पडलेला पाहून जीव कासावीस होऊ देऊ नकोस, बहुतेक फुलं गळण्यासाठीच असतात. आणि भर मोहरात कसलंही औषध फवारू नकोस. आंब्याचं परागीभवन मुख्यतः माश्या करतात, त्याच मेल्या तर कैरी धरणार कशी?

कढीपत्त्याबद्दल मात्र नीट ऐक, कारण याच दिवसांत चांगली झाडं उपटली जातात. थंडीत त्याची पानं पिवळी पडतात, कधी नुसता खराटा उरतो. झाड मेलं असं वाटलं तर नखाने फांदीची साल किंचित खरवडून बघ. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर ते जिवंत आहे. अशा वेळी पाणी वाढवलं तर मुळं कुजतात. बोटाची दोन पेरं मातीत घालायची, आत कोरडं लागलं तरच पाणी. फाल्गुनात डोळे फुगून लालसर कोंब दिसले की शेंडे खुड, खत दे, आंबट ताकाचं पाणी दे. कोंब दिसायच्या आधी काही नाही.

पेरलेल्या बियांना तहान चालत नाही. भेंडी, गवार, काकडी, दुधी यांना माती उबदार लागते, म्हणून पहाटेचा गारठा मोडेपर्यंत पेरायची घाई नको. भेंडीचं बी रात्रभर भिजवून एकेका जागी दोन-दोन टोच, बोटाच्या एका पेराएवढं खोल, आणि उगवेपर्यंत वरची माती सुकू देऊ नकोस. माघात पेरलेली भेंडी साधारण पन्नास दिवसांत ताटात येते.

शेवंतीची फुलं वाळली की झाड फेकू नकोस. चार बोटं ठेवून छाट आणि सावलीत सरकव. बुडाशी येणारे फुटवे उन्हाळाभर जगवायचे, पुढची शेवंती त्यांच्यापासूनच. गुलाबाची मोठी छाटणी दसऱ्या-दिवाळीची. आता फक्त वाळकी फुलं आणि सुकलेल्या काड्या काढ.

ऊब आली की जास्वंदीवर पिठ्या ढेकूण येतो. कोवळ्या शेंड्याला कापूस चिकटल्यासारखं दिसतं. त्याच्याआधी मुंग्यांची रांग दिसते, कारण त्याच्या अंगातून निघणारा गोड चिकटा त्यांना हवा असतो. मुंग्या चढताना दिसल्या की पानं उलटून बघ. पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन काढ, आणि संध्याकाळी लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे दोन-चार थेंब घालून फवार. दर आठवड्याला, शेंडे स्वच्छ होईपर्यंत.

पानगळीचा पाला जाळू नकोस, हे मी कळकळीने सांगते. वाळलेली पानं चार बोटं जाडीने आळ्यात पसर, बुंध्याला मात्र टेकवू नकोस. एप्रिलात शेजारच्या बागेत माती तडकलेली असेल, तुझ्याकडे हात घातलास तर ओल लागेल.

उरला गॅलरीचा प्रश्न. दक्षिणेच्या गॅलरीत डिसेंबरात ऊन पार आतपर्यंत येतं. मग सूर्य रोज वर चढतो, मेच्या मध्यात पुण्यात दुपारी तो थेट डोक्यावर असतो आणि त्याच गॅलरीत वरच्या स्लॅबची सावली पडते. म्हणून उन्हाची झाडं कठड्याकडे सरकवायची आणि पश्चिमेकडची नाजूक झाडं आडोशाला घ्यायची. हे सगळं पाडव्याच्या आत उरक, रोज थोडं थोडं, संध्याकाळी. कडक ऊन सुरू झाल्यावर एकदम जागा बदललेलं झाड आठवडाभर मान टाकून बसतं.