एन्झाइमच्या भरवशावर डीसीपी कमी करताना

आमच्या मुरुम भागात कोंबड्यांचं खाद्य स्वतः मिसळणाऱ्याचा सगळा हिशेब मका आणि सोयाबीन पेंडीवर चालतो. 2021 साली पेंडीचे भाव इतके भडकले, की सरकारला 12 लाख टन पेंड आयात करायला परवानगी द्यावी लागली. अशा वेळी एन्झाइमची पुडी फार मोलाची वाटते.

या पुडीतलं फायटेज एन्झाइम हे काही थोतांड नाही. धान्यातला आणि पेंडीतला जवळपास दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असतो आणि बराचसा विष्ठेतून वाया जातो. फायटेज तो मोकळा करतं, म्हणून डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) कमी लागतं. मात्र पुडीतलं एन्झाइम शाबूत असेल तरच.

एका उन्हाळी बॅचला आमच्याकडे इथेच बिनसलं. माल तापलेल्या पत्र्याच्या गोदामातला. विकणाऱ्याच्या सांगण्यावरून डीसीपी निम्म्यावर आणलेलं. तिसऱ्या आठवड्यात पक्षी जागचे उठेनात, चोच दाबली की रबरासारखी वाके. डॉक्टरांनी मेलेल्या पक्ष्याचं पायाचं हाड मोडायला घेतलं; ते कट्कन तुटलंच नाही, नुसतं वाकलं. डीसीपी आणि जीवनसत्त्व डी-3 वाढवल्यावर आणखी पक्षी बसायचे थांबले, पण वाकलेले पाय काही सरळ झाले नाहीत. ते पक्षी पाण्यापर्यंत सरपटत जाताना बघवत नव्हते.

त्यामुळे पुडी घेताना किमतीआधी उत्पादनाची तारीख आणि दर ग्रॅमला किती युनिट, हे वाचा. 5000 युनिटचं फायटेज टनाला 100 ग्रॅम घातलं की किलोमागे 500 युनिट पडतात. एवढीशी पूड थेट टनात टाकली तर सारखी पसरत नाही. आधी पाच-दहा किलो मक्याच्या भरड्यात घोळवून घ्या. पेलेट करणार असाल तर उष्णता सोसणारा प्रकारच मागा, कारण 80-85 अंशांच्या वाफेत साधं एन्झाइम निकामी होतं. चुनखडीचा हातही सैल सोडू नका, जास्त कॅल्शियमने फायटेजचं काम अडतं.

डीसीपी किती कमी करायचं ते आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्या आणि आधी थोड्या पक्ष्यांवर पाहा. कच्च्या सोयाबीनमधला ट्रिप्सिन रोधक फायटेजने जात नाही, त्याला भाजणं किंवा शिजवणंच लागतं. बुरशी लागलेल्या मक्याचं विषही या पुडीने उतरत नाही. तो मका पक्ष्यांपुढे टाकूच नका.