तुझी ब्रांच कोणती?

होस्टेलवर पहिल्या दिवशी सगळ्यांना विचारला जाणारा हा प्रश्न बुरशीला विचारला तर? हसू नका. मी केमिकलचा, त्यात कॉन्व्हेंटचा, मराठीत शास्त्र लिहिताना अडखळेन. सांभाळून घ्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीत नरखेड तालुक्यात, जलालखेड्याजवळ काकांच्या संत्र्याच्या बागेत होतो. झाडं पिवळी पडत होती आणि काका यंदा डीएपीची पोती दुप्पट टाकायच्या विचारात होते, तीही उधारीवर. मी म्हटलं, आधी मुळांवरची बुरशी वाढू द्या.

"काऊन बाबू, बुरशी मारासाठी आमी दरसाल बोर्डो लावतो, अन् तू ते वाढवाची म्हणतं?"

त्यांचंही खरंच. डिंक्याच्या भीतीने खोडाला मोरचूद-चुन्याची पेस्ट लावणाऱ्याला बुरशी म्हणजे शत्रूच. (डिंक्या करणारी फायटोफ्थोरा खरी बुरशी नाहीच, पण तो वाद काकांशी कोण घालणार!)

मी सांगत होतो ती मायकोरायझा. संत्र्याच्या मुळांना केशमुळं फार कमी, म्हणून हे झाड तिच्यावर जास्तच अवलंबून. चुनखडीच्या काळ्या जमिनीत स्फुरद चुन्याशी बांधला जातो. बुरशीचे तंतू मुळापासून लांब जाऊन तो आणतात, बदल्यात झाडाकडून साखर घेतात.

पण तंतू नुसता सरळ वाढत गेला तर त्याला मूळ सापडणार कसं? फांद्या फुटायला हव्यात. २००५ साली जपानच्या अकियामा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की त्यासाठी मूळच एक रसायन सोडतं, स्ट्रिगोलॅक्टोन. ग्रॅमच्या अब्जाव्या भागाहूनही कमी मात्रा, आणि तंतूला भराभर फांद्या! हे रसायन पाण्यात लवकर मोडतं, म्हणून ते लागलं की मूळ जवळच आहे हे नक्की. या गटातलं पहिलं रसायन १९६६ मध्ये आपल्या ओळखीच्या कपाशीच्या मुळांतून मिळालं होतं. तेव्हा ते फक्त स्ट्रायगा या परजीवी तणाचं बी उगवणारं म्हणून माहीत होतं. झाड स्वतःच्या शत्रूला कशाला उठवेल, याचं उत्तर मिळायला ३९ वर्षं लागली.

आता डीएपी. त्यात ४६ टक्के स्फुरद. आयता स्फुरद मिळाला की बऱ्याच पिकांची मुळं हे रसायन सोडणं कमी करतात. हाकच नाही, तर फांद्या कशाला फुटतील?

शेवटी माती तपासली. स्फुरद कमी नव्हताच. काका म्हणाले, "दोन ओळी तुह्या, बाकी माह्या." माझ्या ओळींत फक्त शेणखत. दिवाळीत मुळ्या आणून रंगवून पाहणार आहे. त्याला पेनातली शाई आणि व्हिनेगर चालतं. व्हिनेगर मेसमधून आणायचं रूममेटने कबूल केलंय.