गुडघ्याचा मुका मार

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूरच्या मैदानांवर कबड्डी आजही रंगते. चढाई करणारा मुलगा पाय रोवून एकाएकी वळतो, गुडघा पिळवटतो आणि काही तासांतच सांधा सुजतो. क्ष-किरण चित्रात हाड अभंग दिसले की पालक व शिक्षक निर्धास्त होतात. फसगत होते ती येथेच.

गुडघ्यातील पुढचा अस्थिबंध तुटताना नडगीचे हाड क्षणभर पुढे सरकते व त्याच्या बाहेरील बाजूचा मागचा भाग मांडीच्या हाडावर आदळतो. आतल्या जाळीदार हाडात सूक्ष्म भंग होतात, रक्त व द्रव साचतो. हाडाचा हा मुका मार क्ष-किरणांना दिसत नाही. तो एमआरआय तपासणीत दिसतो. अस्थिबंध तुटलेल्या बहुसंख्य रुग्णांत तो आढळतो. मुलांचे सांधे लवचिक असल्याने कधी अस्थिबंध शाबूत राहूनही हाड दुखावते.

मार बहुधा काही महिन्यांत भरून येतो. पूर्ण तुटलेला अस्थिबंध सहसा आपोआप सांधत नाही. अशा मुलास पुन्हा खेळविल्यास (चषकाची अंतिम फेरी रविवारी असली तरी!) सांध्यातील गादी फाटण्याचा धोका असतो. सुजलेला गुडघा चोळणे तर सर्वथा वर्ज्य. बर्फाचा शेक, आधारपट्टी व विश्रांती देऊन मुलास अस्थिरोगतज्ज्ञाकडे न्यावे. उल्हासनगरचे शासकीय मध्यवर्ती रुग्णालय तिन्ही शहरांना जवळचे आहे. वाढीच्या वयात हाडाच्या टोकाजवळ कूर्चेचा वाढता थर असल्याने शस्त्रक्रियेचा निर्णयही तो थर जपूनच घेतला जातो.