कोरड्या नदीतला झिरा

शास्त्रपाठ : १ राजे १९:१-१८; स्तोत्र ४२



गेल्या पावसाळ्यात आमच्या पाड्यावरचे एक बाळ तापाने गेले. झोळीत घालून त्याला डोंगर उतरवत होतो. वाटेतच सारे संपले. दफनविधी मीच केला. त्या दिवसापासून माझी प्रार्थना आटली. रविवारी उपासना चालवीत होतो, गीतेही गात होतो. पण एकटा गुडघे टेकले की तोंडून शब्द फुटत नसे. असे आठ महिने गेले. पाळकाने हे सांगायचे तरी कोणाला?

त्या दिवसांत एलीयाचा अध्याय पुन्हा उघडला. कर्मेल डोंगरावर देवाचे सामर्थ्य पाहिलेला हा संदेष्टा ईजबेलच्या धमकीने बैरशेबापलीकडच्या रानात पळतो आणि झुडपाखाली बसून मरण मागतो. या भागावर मी कितीदा तरी उपदेश केला आहे, आणि दर वेळी घाईघाईने होरेबवरच्या मंद वाणीकडे गेलो आहे. या वेळी झुडपापाशीच अडलो. देवदूत त्याला रागावला नाही, तुझा विश्वास उणा पडला असेही म्हणाला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवले. एलीया जेवला आणि चक्क पुन्हा झोपला! देवदूत दुसऱ्यांदा आला तोही जेवायलाच उठवायला. देवाने त्याला प्रश्न विचारला तो चाळीस दिवसांची वाट चालून झाल्यावर.

चैत्रात त्या बाळाच्या आजीला भेटायला गेलो. नदी कोरडी पडली होती. पात्रातल्या वाळूत आजी हातानेच झिरा खोदत होती. पहिले पाणी गढूळ आले. ते तिने वाटीने उपसून टाकले आणि नुसती बसून राहिली. मीही बसलो. हळूहळू तळाशी नितळ पाणी जमले. घरी आल्यावर मी नातवाविषयी काही बोलू लागलो, तर म्हणाली, "पास्टर, आधी भाकर खा, मग बोल."

स्तोत्र ४२ चा कर्ता देवाला आपला खडक म्हणतो आणि त्याच दमात, मला का विसरलास, असेही विचारतो. त्याची ही तक्रार मंडळीच्या गीतांत राहू दिली गेली, याचे मला नवल वाटते.

त्या रात्री मीही माझे गढूळ पाणी उपसले. प्रभू, त्या लेकराला का वाचवले नाहीस, असे मोठ्याने विचारले. उत्तर आले नाही. पण आठ महिन्यांत पहिल्यांदाच मी त्याच्याशी बोलत होतो.